भिंतीला रंग नंतर, आधी ओल कुठून येते ते लिहून घ्या

प्रश्न : आम्ही पुण्यात वाकडला टू बीएचके घेतला. ताबा मिळून अडीच वर्षं झाली. पहिल्याच पावसाळ्यात बेडरूमच्या बाहेरच्या भिंतीला खिडकीखाली ओल आली. बिल्डरच्या माणसाने येऊन पुट्टी मारली, रंग लावला. दुसऱ्या पावसाळ्यात पुन्हा तेच. यंदा तर पोपडे सुटून प्लास्टर पडायला लागलंय. शिवाय बाथरूमला लागून असलेल्या भिंतीलाही ओल आहे, ती उन्हाळ्यातसुद्धा होती. साइट मॅनेजर म्हणतो, तुम्ही बाथरूमच्या टाइल्स बदलल्या, आता आमची जबाबदारी संपली. फार मागे लागल्यावर म्हणाला, ‘शेवटचं एकदा करून देतो, पण यापुढे काही तक्रार नाही असं लिहून द्या.’ सासूबाईंना दमा आहे आणि त्या त्याच खोलीत झोपतात. शेजारचे म्हणतात केस ठोका. मिस्टरांना कोर्टकचेरी नको, मलाही नको. पण गप्प बसणंही जमत नाही. मेंटेनन्स अजून बिल्डरकडेच भरतो. तो थांबवला तर ते ताळ्यावर येतील का?
— एक वाचक, पुणे

ताई, आधी सगळ्यात तातडीचं. ‘यापुढे काही तक्रार नाही’ या कागदावर सही करू नका, मिस्टरांनाही करू देऊ नका. दोनदा रंगवलेली भिंत दोन्ही वेळा ओली झाली. तिसऱ्यांदा ते वेगळं काय करणार आहेत, हे त्यांनी सांगितलेलंच नाही, आणि त्या न सांगितलेल्या कामाच्या बदल्यात तुमचा पुढच्या अडीच वर्षांचा हक्क मागताहेत. काम झाल्यावर झालेल्या कामाची पोच द्यायला काहीच हरकत नाही. ती अशी द्या : ‘अमुक तारखेला बेडरूमच्या बाहेरच्या भिंतीचं काम पूर्ण झालं. कामाचा परिणाम पुढच्या पावसाळ्यात कळेल. कायद्याने मिळणारे आमचे सर्व हक्क राखून ही पोच देत आहोत.’ आपल्या कामाची खात्री असलेल्या बिल्डरला या तीन वाक्यांची अडचण वाटायचं कारण नाही.

हा हक्क येतो रेरा कायद्यातून, म्हणजे स्थावर संपदा अधिनियम, २०१६ च्या कलम १४(३) मधून. ताबा दिल्याच्या तारखेपासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला, कारागिरीतला, दर्जातला किंवा सेवांमधला दोष तुम्ही बिल्डरच्या नजरेस आणून दिलात, तर त्याने तो जादा पैसे न घेता ३० दिवसांत दुरुस्त करून द्यायचा. नाही दिला तर तुम्हाला भरपाई मागता येते. जुन्या मोफा कायद्यात, म्हणजे महाराष्ट्राच्या रेराआधीच्या फ्लॅटविक्रीच्या कायद्यात, ही मुदत तीन वर्षांची होती. त्यामुळे ‘तीन वर्षांनंतर बिल्डरचा संबंध संपतो’ असं छातीठोकपणे सांगणारे लोक अजून भेटतात. त्यांचं ऐकून गडबडीत काही मान्य करू नका. तुमच्या करारात याहून कमी मुदत छापली असेल तरी घाबरू नका, कारण करारातल्या कलमाने कायद्याची मुदत कमी होत नाही.

यात ग्यानबाची मेख एवढीच, की दोष मुदतीत कळवला होता हे तुम्हाला दाखवता आलं पाहिजे. फोनवर बोललेलं मागे काही उरत नाही. व्हॉट्सअॅपवर पाठवलेलं उरतं, पण फोन बदलला की तेही जातं. मॅनेजरबरोबरचं सगळं चॅट फोटोंसकट आजच एक्स्पोर्ट करून ईमेलवर टाकून ठेवा.

आता मुद्द्याचं बोलते. अशा वादांत दोन्ही बाजू ‘करून द्या’ आणि ‘देणार नाही’ यावरच अडून बसतात. खरा वाद असतो तो पाणी येतं कुठून यावर, आणि त्याबद्दल कुणी धड बोलतच नाही. कारण ठरलेलं नसताना केलेली दुरुस्ती ही रंगरंगोटीच असते, ती एक पावसाळासुद्धा टिकत नाही. म्हणून तुम्ही दुरुस्ती मागण्याआधी कारण मागा, आणि ते दोघांच्या सहीने कागदावर आणा. कारण कागदावर आलं की जबाबदारीवर वाद घालायला फारशी जागा राहत नाही. कोर्टाबाहेर मिटणारी प्रकरणं याच टप्प्यावर मिटतात, असं मी इतकी वर्षं पाहत आले आहे.

तुमच्या पत्रातच याची सुरुवात झालेली आहे. तुमच्याकडे ओल एक नाही, दोन आहेत. खिडकीखालची फक्त पावसाळ्यात येते, म्हणजे ते पाणी बाहेरून आत येतंय. बाहेरच्या प्लास्टरला तडे गेले असतील, खिडकीची चौकट आणि भिंत यांच्यामधलं सीलंट सुटलं असेल, किंवा खिडकीखालच्या दगडाला बाहेरच्या बाजूने उतारच दिला नसेल. आणखी एक नेहमीची जागा म्हणजे काँक्रीटचा बीम आणि ब्लॉकची भिंत जिथे भेटतात तो सांधा. काँक्रीट आणि ब्लॉक ऊनपावसाने सारखे फुगत-आकसत नाहीत, म्हणून प्लास्टर करण्याआधी त्या सांध्यावर जाळी मारायची असते. ती मारलेली नसली की बीमच्या रेषेत सरळ आडवी भेग पडते. खाली उतरून, शक्य तर दुर्बिणीने किंवा फोनचा कॅमेरा झूम करून, तशी रेषा दिसते का पाहा.

बाथरूमच्या बाजूची ओल बारमाही आहे, तेव्हा तिचा दोष पावसावर ढकलता येणार नाही. ती भिंतीतल्या पाइपमधून येत असेल, नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे जमिनीवरचं पाणी जिथून निचरतं त्या जाळीखालच्या भांड्याच्या, सांध्यातून येत असेल, किंवा प्लंबर ज्याला संक म्हणतात त्या खोलगट स्लॅबमधलं वॉटरप्रूफिंग गेलं असेल. मॅनेजरने या दोन्ही ओली एकाच गाठोड्यात बांधल्या आणि टाइल्सचं कारण दोन्हींवर चिकटवलं. बाथरूमच्या टाइल्स बदलल्याने बेडरूमच्या खिडकीखाली फक्त पावसात पाणी येत नाही. त्यामुळे यापुढे प्रत्येक पत्रात दोन्ही गोष्टी वेगळ्या क्रमांकाने लिहा, म्हणजे एकीवरचा वाद दुसरीला अडकवणार नाही.

टाइल्सचा मुद्दा मात्र अगदीच पोकळ नाही, हे तुम्हाला आधीच सांगितलेलं बरं. बऱ्याच करारांत असं कलम असतं, की बिल्डरच्या लेखी परवानगीशिवाय बाथरूम-स्वयंपाकघरात फेरफार केले तर त्या दोषाची जबाबदारी त्याच्यावर राहत नाही. करार काढून ते वाचा. मग प्रामाणिकपणे दोन गोष्टी तपासा. फक्त भिंतीच्या टाइल्स बदलल्या की जमीनही फोडली? आणि ओल टाइल्सच्या आधी आली की नंतर? टाइल्सच्या बिलावरची तारीख आणि ओलीच्या पहिल्या फोटोची तारीख शेजारी शेजारी ठेवा. जमीन फोडली नसेल किंवा ओल आधीची असेल तर तुमची बाजू भक्कम आहे. जमीन फोडून नवी फरशी घातली असेल, तर या एका कामात खर्चाची वाटणी मान्य करायची मनाची तयारी ठेवा. एका जागी तुम्ही रास्त वागलात की दुसऱ्या जागी ठाम राहणं सोपं जातं.

कारण शोधायला इंजिनीअर लागेलच, पण तो येण्याआधी घरच्या घरी बरंच कळतं. ओलीच्या कडेने पेन्सिलने रेघ ओढा आणि रेघेवरच तारीख लिहा. शेजारी फूटपट्टी धरून फोटो काढा. दर आठवड्याला नवी रेघ, नवी तारीख. ओल वाढते, थांबते की मागे सरकते, हे भिंतच सांगायला लागते. दोन बाथरूम असतील तर संशयित बाथरूम चारपाच दिवस वापरू नका, पण पाण्याचा व्हॉल्व्ह चालू ठेवा. ओल तरीही वाढली तर संशय दाबाखालच्या पाइपवर. मागे हटली तर संशय जमिनीवर आणि ट्रॅपवर. त्यानंतर ट्रॅपला बूच मारून जमिनीवर बोटभर पाणी २४ तास साठवून ठेवायचं आणि खालच्या मजल्यावर जाऊन त्यांचं छत बघायचं. खालच्यांना आधी सांगून ठेवा. बाहेरच्या भिंतीची चाचणी कोरड्या दिवसात होते : पाइपने पाणी मारताना खालून सुरुवात करायची आणि टप्प्याटप्प्याने वर जायचं. वरून सुरुवात केली तर पाणी खाली ओघळतं आणि नेमकं कुठून आत शिरलं ते कळत नाही.

आणखी एक काम कराच. तुमच्या बरोबर वर आणि बरोबर खाली असलेल्या फ्लॅटमध्ये जाऊन त्यांच्या बेडरूमची तीच भिंत बघा. एकाच रेषेतल्या तीन-चार फ्लॅटना त्याच जागी ओल असेल, तर ‘तुम्ही घरात काहीतरी केलंत’ हे म्हणणं तिथेच संपतं. त्यांनीही आपापलं पत्र द्यावं. बाहेरची भिंत ही सामाईक बाब आहे, त्यामुळे सोसायटी स्थापन झाली असेल तर कमिटीचं पत्रही त्याला जोडा. एकट्या घराला बिल्डर टाळू शकतो, अख्ख्या रेषेला टाळणं त्यालाही जड जातं.

आता पत्र. साइट ऑफिसात नेऊन देऊ नका. महारेराच्या, म्हणजे रेरा कायदा राबवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, वेबसाइटवर तुमच्या प्रकल्पाच्या पानावर कंपनीचा नोंदलेला पत्ता असतो, त्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने पाठवा आणि तेच ईमेलनेही पाठवा. भाषा साधी ठेवा. फसवणूक, लूट असले शब्द नकोत. त्या शब्दांनी पत्र कंपनीच्या वकिलाच्या टेबलावर जातं, आणि तुम्हाला ते इंजिनीअरच्या टेबलावर जायला हवंय. असं काहीसं लिहा : ‘फ्लॅट क्र. अमुक, ताबा तारीख अमुक. दोष १ : बेडरूमच्या बाहेरच्या भिंतीला खिडकीखाली पावसाळ्यात ओल, सलग तिसरं वर्ष, आपल्याकडून दोनदा रंगकाम होऊनही कायम. दोष २ : बाथरूमलगतच्या भिंतीला बारमाही ओल. कलम १४(३) नुसार हे दोष आपल्या नजरेस आणत आहोत. येत्या १५ दिवसांत आपल्या इंजिनीअरसह संयुक्त पाहणी करावी, ओलीचं कारण लेखी द्यावं आणि त्यानुसार दुरुस्तीची पद्धत व तारीख कळवावी.’ सोबत तारखेचे फोटो. बस.

त्याच पत्रात वॉटरप्रूफिंगच्या गॅरंटीची प्रत मागा. बिल्डर हे काम बहुधा दुसऱ्या एजन्सीकडून करून घेतो आणि एजन्सी त्याला काही वर्षांची लेखी गॅरंटी देते. प्लास्टरच्या ठेकेदाराचेही काही पैसे दोषदुरुस्तीसाठी रोखून धरण्याची पद्धत आहे. म्हणजे तुमचं काम करून देण्यासाठी बिल्डरला प्रत्येक वेळी स्वतःच्या खिशात हात घालावा लागतोच असं नाही, त्याला आपल्या ठेकेदाराला कामाला लावायचं असतं. त्यासाठी त्यालाही कारण लेखी लागतं. हे त्याच्या लक्षात आणून द्या. समोरच्याचा फायदा कशात आहे ते सांगितलं की बोलणं निम्मं सोपं होतं.

उत्तरात बहुधा येईल की हे ‘हेअरलाइन क्रॅक’ आहेत. तापमानातल्या २० अंशांहून जास्त फरकामुळे पडणाऱ्या केसासारख्या बारीक भेगा दोष धरायच्या नाहीत, असं अनेक करारांत लिहिलेलं असतं. ते वाचून गप्प बसू नका. तुमची तक्रार भेगेची नाही, तिच्यातून आत येणाऱ्या पाण्याची आहे. जिच्यातून पाणी येऊन प्लास्टर पडतं ती भेग दिसायला कितीही बारीक असो, ती दोषच. आणि करारात ‘दोष सांगण्याआधी नेमलेल्या सर्व्हेअरचा अहवाल हवा’ असं कलम असेल, तर तेच संयुक्त पाहणीसाठी वापरा. तुमच्याच करारात लिहिलंय, चला, करू या, असं म्हणा.

पाहणीला बिल्डरचा इंजिनीअर असेल, पण तेवढ्यावर भागवू नका. दोघांनाही मान्य असा एक बाहेरचा स्ट्रक्चरल इंजिनीअर बोलवा. फी निम्मी-निम्मी भरू, आणि दोष बांधकामाचा निघाला तर आमची निम्मी परत द्या, असा प्रस्ताव ठेवा. हे पैसे खर्च करायला लोक कचरतात, पण सगळ्या प्रकरणात सगळ्यात उपयोगी पडणारा खर्च हाच. पाहणी झाल्यावर सगळे घरी जाण्याआधी तिथेच एका कागदावर काय पाहिलं ते लिहून सह्या घ्या. अहवाल मागाहून येईल. ‘बेडरूमच्या भिंतीला खिडकीखाली अमुक फूट बाय अमुक फूट ओल दिसली, बाहेर बीमखाली आडवी भेग दिसली’ एवढं त्याच दिवशी कागदावर आलंच पाहिजे.

मग दुरुस्तीचं ठरवताना घाई करू नका. ओल्या भिंतीवर बाहेरून कोटिंग टिकत नाही, त्यामुळे भर पावसात ‘आत्ताच्या आत्ता करा’ असा हट्ट धरलात तर पुन्हा रंगच मिळेल. कायद्यात ३० दिवस आहेत हे खरं, तरी बाहेरच्या भिंतीचं काम पावसाळ्यानंतर, भिंत सुकल्यावर करायचं दोघांनी मान्य करणं शहाणपणाचं आहे. पण ते लिहून. त्या कागदावर काम कोण करणार, भेग किती फोडून कशाने भरणार, जाळी लावणार का, कोणतं कोटिंग, किती थर, आतलं कुजलेलं प्लास्टर कुठवर काढणार, काम कधी सुरू होऊन कधी संपणार, आणि झाल्यावर पाण्याची चाचणी तुमच्यासमोर करणार, हे सगळं हवं. आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच जागी ओल आली तर तेच काम पुन्हा विनामूल्य, हे वाक्य वगळू देऊ नका. बाथरूमचं काम मात्र पावसाची वाट बघत थांबायची गरज नाही.

पत्राला उत्तरच आलं नाही, किंवा आलेलं उत्तर टोलवाटोलवीचं असलं, तर महारेराचा सलोखा मंच आहे. २०१८ पासून तो सुरू आहे. त्यात दोन सलोखाकार बसतात, एक ग्राहक संघटनेकडून आणि एक बिल्डरांच्या संघटनेकडून. अर्ज ऑनलाइन करायचा, वकिलाची गरज नाही, आपली बाजू आपणच मांडायची. बिल्डरांच्या संघटनेचा माणूस समोर असण्याचा मोठा फायदा आहे : आपल्याच व्यवसायातल्या ज्येष्ठासमोर ‘जाळी नसली तरी चालतं’ असं म्हणणं कुणालाही अवघड जातं. मर्यादा एकच, बिल्डरची संमती लागते. त्याने नकार दिला तर प्रक्रिया तिथेच थांबते, पण तुमचं काही नुकसान होत नाही. दोन क्रमांकांची तक्रार, तारखांचे फोटो, पत्राची पोच आणि अहवाल एवढी एक फाइल घेऊन जा. तडजोड झाली तर ठरलेल्या तारखेला काम झालं नाही तर काय, हेही तडजोडीच्या कागदातच लिहून घ्या.

हे सगळं करूनही फसलं, तर महारेराकडे रीतसर तक्रार करता येते, तिची फी ५००० रुपये आहे. ग्राहक आयोगाचा मार्गही आहे, तिथे कारण घडल्यापासून दोन वर्षांत जावं लागतं आणि तिथेही मध्यस्थीची सोय आहे. तुम्हाला ते नको आहे, हे समजतं. तरी बोलणी चालू आहेत म्हणून मुदत थांबते असं धरू नका. ताब्याची तारीख आणि पाच वर्षं पूर्ण होण्याची तारीख, दोन्ही फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

सासूबाईंचं मात्र या कशासाठीही थांबवू नका. त्यांची खाट आजच दुसऱ्या खोलीत हलवा. ओल्या भिंतीवरची बुरशी दम्याला वाईट, आणि त्यांच्या डॉक्टरांना घरातल्या ओलीबद्दल नक्की सांगा. त्या भिंतीत स्विचबोर्ड असेल तर त्याचा एमसीबी बंद करून इलेक्ट्रिशियनला दाखवा. धोक्याचं काम स्वतः करून घ्यायला हरकत नाही. आधी फोटो काढा, बिल ठेवा आणि बिल्डरला त्याच दिवशी ईमेलने कळवा. बाकीचं पडकं प्लास्टर पाहणी होईपर्यंत तसंच राहू द्या, नाहीतर इंजिनीअरला दाखवायला काही उरणार नाही.

शेवटी मेंटेनन्स. थांबवू नका, ताई. राग समजण्यासारखा आहे, पण रेराच्याच कलम १९(६) प्रमाणे देखभालीचे पैसे वेळेवर भरणं ही तुमची जबाबदारी आहे, आणि उशीर झाला तर १९(७) प्रमाणे व्याज लागतं. आज चुकलेला बिल्डर आहे. मेंटेनन्स थांबवलात की सलोखा मंचात पहिला अर्धा तास तुमच्या थकबाकीवर जाईल. पैसे भरा, पावत्या त्याच फाइलमध्ये लावा, आणि भरताना ईमेलमध्ये एक ओळ टाका : ‘दोष १ व २ बाबतची आमची तक्रार कायम आहे.’